पांढऱ्या जर्सीचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

डोंगर सगळ्यांच्या आधी चढणाऱ्या सायकलवाल्याला ठिपक्यांचीच जर्सी का देतात? मला माहीत नाही. आज साहेबांनी नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, त्यामागे मोठा इतिहास आहे. असणारच.

बाकी योजना मात्र पास! पार्सल ऑफिसात चार आठवडे सायकल शर्यतीसारखी स्पर्धा. रोज सकाळची पार्सलं घड्याळ लावून गावांप्रमाणे लावायची. रोजचा एक टप्पा. सगळ्या टप्प्यांची बेरीज करून ज्याचा वेळ सर्वांत कमी, त्याला पिवळी. जास्त टप्पे जिंकेल त्याला हिरवी. ऑफिसात लिफ्ट नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावर जास्त पोती चढवेल त्याला ठिपक्यांची. पंचविशीच्या आतल्यांत ज्याचा वेळ सर्वांत कमी, त्याला पांढरी.

पंचविशीच्या आत आम्ही दोघीच, मी आणि वेणी. (तिची वेणी कमरेपर्यंत आहे. खरं नाव आता कुणी घेत नाही.) दोघी ट्रेनी, कायमची जागा एक. साहेब म्हणाले, सोपं झालं, पांढरी जिची, जागा तिची.

नियम मीच लिहिले. घरातली पहिली ग्रॅज्युएट, एवढं तरी यायलाच हवं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी

जर्सी बाबा शिवणार. त्यांनी विचारलं, पांढरी कुणाच्या मापाची? कुणाचं तरी माप द्यावंच लागतं. माझं दिलं. बत्तीस.

धाकटा भाऊ म्हणाला, ताई, शर्यत सुरू तरी होऊ दे. तो दिवसभर मोबाईलवर शर्यती बघतो, म्हणून त्याने सांगितलेला पाचवा नियम घातला: एकाला दोन रंग मिळाले तर त्यातला एक यादीतल्या पुढच्याला घालायला द्यायचा, मान पहिल्याचाच. असं काही होणार नाही, पण नियम कसे पूर्ण असावेत.

७ फेब्रुवारी

नऊ जणांत आठवी. वेणी दुसरी. पार्सलं कशी लावायची ते तिला मीच शिकवलं होतं, तेव्हा हे यश तसं माझंच.

कारण सापडलं. मी चुकलेले पत्ते दुरुस्त करत बसते, सुवाच्य अक्षरात. घड्याळाला सुवाच्य अक्षर कळत नाही. सोमवारपासून एकही पत्ता दुरुस्त करायचा नाही. ठरलं.

१० फेब्रुवारी

तीनच केले. एकात कुणाचं तरी औषध होतं.

१४ फेब्रुवारी

पांढरी मला!!

वेणीची बेरीज सगळ्यांत कमी, म्हणून पिवळी तिला. एका अंगावर दोन जर्सी मावत नाहीत. ती आता मोठ्यांच्या शर्यतीत गेली. तरुणांत मी.

मावशींना ठिपक्यांची. ऑफिस झाडता झाडता पोतीही त्याच चढवतात. म्हणाल्या, गोवर आल्यासारखं दिसतंय गं, पण पाठीला ऊब आहे.

जर्सी घालूनच घरी आले. आई शेजारच्या काकूंना म्हणाली, कायम झाली हो आमची. मी तसं म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नाही.

१७ फेब्रुवारी

भाऊ म्हणाला, ताई, अगं ती उसनी आहे. दोघींत दुसरी म्हणजे शेवटचीच की! बारावीला दोनदा बसलेल्या माणसाकडून गणित शिकायची माझी इच्छा नाही. अबोला.

२१ फेब्रुवारी

चहाच्या वेळी वेणी म्हणाली, जपून हं, पांढरीवर डाग पडला की जात नाही. किती काळजी करते माझी!

बसल्या बसल्या तिला नजरेने मोजलं. चौतीस. शिंप्याच्या मुलीची सवय, दुसरं काही नाही.

२८ फेब्रुवारी

निकाल. साहेब म्हणाले, पांढरी, आणि मी उभी राहिले. मग त्यांनी नाव वाचलं. वेणीचं.

मी म्हटलं, सर, जर्सी माझ्या अंगावर आहे. त्यांनी पाचवा नियम वाचून दाखवला. माझ्याच अक्षरात. सुवाच्य.

दगा. सगळीकडून दगा. जिला शिकवलं तिने दिला. साहेबांनी मला दोन आठवडे त्या जर्सीत हिंडू दिलं. भावाने नीट समजावून सांगितलं नाही. मावशींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच माहीत होतं पोरी, तूच तर लिहिलंयस.

१ मार्च

तक्रार अर्जाचा पहिला खर्डा: 'नियम करणाऱ्या व्यक्तीने उमेदवाराची दिशाभूल केली आहे.' वाचून पाहिला. फाडला.

आईने अजून काकूंना सांगितलेलं नाही. जिन्यात त्या दिसल्या की ती पिशवीत काहीतरी शोधू लागते. हे मला सगळ्यांत जास्त लागलं.

२ मार्च, रविवार

पांढरी उलटी करून पाहिली. शिवणीत दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्तीचं कापड. बाबा त्याला माया सोडणं म्हणतात. माझं माप बाबांना बोटांवर पाठ आहे, मग जास्तीचं कापड कशाला? म्हणजे पहिल्या दिवसापासून! बाबासुद्धा!

विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाले, शिंपी कुणावर पैज लावत नाही बेटा, उसवायची वेळ आली तर कापड पुरावं एवढंच बघतो. मग थोड्या वेळाने म्हणाले, तिचं माप विचारून ये.

३ मार्च, सोमवार

वेणी यायच्या आत जर्सी तिच्या खुर्चीवर ठेवली. धुतलेली, इस्त्री केलेली. काल दुपारी मीच उसवली आणि मीच शिवली. बाबांनी फक्त दोरा ओवून दिला.

माप विचारावं लागलं नाही. चौतीस.