बेंचवरून उठायचं नाही

२ जुलै, बुधवार

चोवीस सेकंद!

आमचे कोच श्रीपाद सर युनिव्हर्सिटीच्या झोनच्या मीटिंगहून थेट कोर्टवर आले आणि पाणीसुद्धा न पिता सांगितलं. यंदापासून कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचेसना शॉट क्लॉक. बॉल हातात आला की चोवीस सेकंदांत रिंगला लागला पाहिजे, नाही तर बॉल समोरच्यांचा. नियम पुस्तकात कधीचाच आहे, पण आपल्याकडे मशीनच नव्हती. आता आणलीत म्हणे.

दुसरा नियमही आता कडक पाळणार. पोरगी पडली आणि बेंचवरचं कोणीही आत गेलं – सर असोत, नाही तर पाण्याची बाटली घेतलेली पोरगी – की पडलेलीला बाहेर यावंच लागणार. लगेच परत जाता येणार नाही. म्हणजे आमची स्प्रेची युक्ती बुडाली. टीमला दम लागला की कोणीतरी एक पडायची, सर स्प्रे घेऊन रमतगमत आत यायचे, तेवढ्यात बाकीच्या पाणी पिऊन ताज्यातवान्या. प्राची तर इतकी झकास पडायची की एकदा समोरची कॅप्टनच घाबरून तिला वारा घालत बसली होती!

सगळ्यांची तोंडं उतरली. मी आतून खूश. इथे खोटं कशाला लिहू? मी गार्ड आहे, पळणं हाच माझा खेळ. दोन वर्षं बॉल थापटत मधोमध उभं राहण्यात गेलीत, कारण ऐश्वर्या अजून रिंगखाली पोचायची असते.

४ जुलै

आमचा खेळ म्हणजे ऐश्वर्या. सगळ्यांत उंच, अंगाने भरलेली, हात मात्र लोण्यासारखे. ती डुलत डुलत रिंगखाली यायची, पाय रोवायची, हात वर करायची. तोवर आम्ही बाहेर बॉल फिरवत राहायचो. मिनिट झालं तरी फिरवायचो. मग तिच्याकडे वर टाकायचा की काम फत्ते. चुकलाच तर उसळलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, तिचाच, की पुन्हा बाहेर, पुन्हा फिरवा. बघणारे कंटाळून जांभया द्यायचे, पण दोन्ही वर्षं झोनची स्पर्धा आम्हीच मारली. सरांचं वाक्य ठरलेलं – घाई करेल त्याची वाट लागेल.

आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात कसलं आलंय शॉट क्लॉक! चित्रा खुर्चीवर उभी राहून मोठ्याने आकडे म्हणते. चित्रा टिटवाळ्याची, यंदा कबड्डीतून पळवून आणलेली. बॉल कमी आणि माणसं जास्त पकडते, म्हणून मोजायचं काम तिला. आज ऐश्वर्या रिंगखाली पोचली तेव्हा चित्रा अठरावर होती. पाय रोवेपर्यंत चोवीस. परत केलं, परत तेच.

रिक्षाला उभे होतो तेव्हा ऐश्वर्या म्हणाली, "तुझा गेम आला गं, उत्तरा." चिडून नाही म्हणाली. त्यामुळेच मला कसंतरी झालं.

१५ जुलै

सरांनी आपलं तीस वर्षांचं वाक्य पंधरवड्यात गिळलं. आता म्हणतात, पळा. रोज पळा. ऐश्वर्याने दुप्पट पळायचं.

२१ जुलै, सोमवार

ऐश्वर्या सकाळी घराजवळ, मोहन्याला, बंद कंपनीच्या भिंतीकडेने पळते, संध्याकाळी आमच्याबरोबर परत. तिचे वडील, तानाजीकाका, मागून सायकलवर असतात. तिला पोलीस भरतीला उतरायचंय. दहावीपासून तेच डोक्यात. म्हणते, सरांनी पळवलं ते बरंच झालं, दोन्हीला उपयोगी. डब्यात नुसती काकडी. मी पोळी पुढे केली तर म्हणाली, नको, गुडघ्यांवर वजन येतं.

म्हणजे गुडघे आत्ताच दुखायला लागलेत का? मी विचारलं नाही. पोळी मीच खाल्ली.

२९ जुलै

आज पडायची प्रॅक्टिस! खरंच. सरांनी एकेकीला पडायला लावलं. पडलीस की आधी अंगठा वर करायचा – मी ठीक आहे. मग उठायचं. आणि बेंचवरच्यांनी काय वाट्टेल ते झालं तरी जागचं हलायचं नाही. प्राची सवयीने दोनदा उठली, तर सरांनी नियम केला: बेंचवर बसायचं ते हात मांडीखाली घालूनच. मी कॅप्टन, तेव्हा हे बघायची जबाबदारी माझी. मी सगळ्यांना ओळीने बसवलं, एकेकीचे हात तपासले. हसून हसून पोट दुखलं.

आम्ही सगळ्या मिळून सात. त्यातली सातवी चित्रा. एक जरी बाहेर गेली तरी खेळ कोसळतो, हे खरंच आहे. सरांचं काही चूक नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहिली मॅच. जिंकलो. मला आजवर कधी नव्हते इतके पॉइंट!

पण खेळ ओळखूच येत नाही. रिंगच्या वर लाल आकडे उलटे पळत असतात. समोरच्या नुसत्या आडव्या उभ्या राहतात, आकडे संपायची वाट बघत. शेवटी शेवटी आमच्यातली कोणीतरी घाबरून लांबूनच भिरकावते. पोरी एकमेकींकडे बघतच नाहीत, वर बघतात. रिबाउंड घेतला तर नवे चौदाच सेकंद मिळतात, म्हणून ऐश्वर्याने बॉल काढून दिला तरी तो बाहेर आणून शांतपणे मांडायला वेळ नाही. पूर्वी कंटाळवाणं होतं, पण त्याला आकार होता. आता धबडगा.

सरांनी ऐश्वर्याला अर्धी मॅच बसवली. हात मांडीखाली घालून बसली होती. मी बास्केट केला की तिला टाळ्या वाजवायला हात काढावे लागायचे.

२७ ऑगस्ट

गणपती. ऐश्वर्याकडे जाऊन आले. तिने मोदक खाल्ला नाही. तिची आई, मालनकाकू, म्हणाल्या, हिला सांग काहीतरी, आरतीला उभी राहते तर भिंत धरते. मी म्हटलं, काकू, फिट झालीये ती. झालीच आहे! कोर्ट माझ्याबरोबर पार करते आता.

११ सप्टेंबर, गुरुवार

जिंकलो. झोन आमचा, तिसऱ्यांदा. ठाण्यात, कोलशेतला होती फायनल.

झोप येणार नाही म्हणून लिहिते.

शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला ऐश्वर्या रिबाउंडला उडाली आणि वाकडी उतरली. काहीतरी वाजलं. बुटाचा आवाज असेल असं वाटलं मला. ती पडली. तोंडातून आवाज नाही. बेंचवर प्राची अर्धी उठलेली मी पाहिली. मी तळहात खाली दाबून खूण केली – बस. ती बसली. हात मांडीखाली गेले. सर लाइनवर उभे, रेफ्री ऐश्वर्यावर वाकलेले.

मग अंगठा वर आला. ती उठली. मीच हात दिला, कोर्टवरच्यांनी दिला तर चालतो.

पुढचं सगळं क्वार्टर ती खेळली. पळत नव्हती, रिंगखाली एका पायावर उभी होती. आम्हाला वाटलं, दमली. शेवटचा बास्केट तिचाच. आकडे चारवर होते, मी डोळे मिटून वर टाकला आणि तिने नेहमीसारखा अलगद घातला. जुना खेळ चोवीस सेकंदांत मावला! सर चक्क नाचले.

फोटो काढायला बोलावलं तर ती खाली बसूनच होती. बूट निघत नव्हता. गुडघ्याचं नुसतं मडकं झालं होतं.

१३ सप्टेंबर

ती मेसेज बघत नाहीये.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

एमआरआयचा रिपोर्ट आला. गुडघ्याच्या आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, पूर्ण तुटली, गादी फाटली, आणखी काहीतरी आहे त्याचं नाव मला लिहिता येत नाही. ऑपरेशन. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, पडल्यावर किती वेळ उभी होतीस. तिने सांगितलं, क्वार्टर पूर्ण केलं. डॉक्टर म्हणाले, दोरी पडतानाच गेली असणार. बाकीचं नासलं ते नंतर.

बाकीचं नंतर.

पळणं? काकांनी विचारलं. चालायला लागू दे आधी, असं उत्तर मिळालं.

२१ सप्टेंबर

हॉस्पिटलात गेले. प्राची होती बरोबर. ऐश्वर्या भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या. मी फुलं आणलेली, ती कुठे ठेवायची कळेना. नर्स आली, दुखतंय का विचारलं. ऐश्वर्याने न वळता अंगठा वर केला. नर्स बरं म्हणून निघून गेली.

मालनकाकू आम्हाला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "इतक्या जणी होतात गं तिथे. एक पण उठली नाही?"

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. तिने सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, काकू, नियम आहे.

२२ सप्टेंबर

नियम काढून वाचला. तीन वेळा वाचला. बेंचवरून उठू नका असं त्यात कुठेच नाही. उठलात तर पोरीला बाहेर न्या, एवढंच आहे. बाहेर न्या म्हणजे बसवा, बघा, काय झालंय ते विचारा. पोरींच्या भल्यासाठीच असणार तो. मांडीखालचे हात आमचे. अंगठा आमचा. त्यातलं काहीही त्या पुस्तकातलं नाही.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

३ ऑक्टोबर

सरांना म्हटलं, ती सवय बंद करू या. सर बॉलची हवा बघत बसले. मग म्हणाले, "नोव्हेंबरमध्ये इंटरझोन आहे. सहाच उरलात तुम्ही. ते झालं की बघू." एकदम म्हातारे दिसले. मी वाद घातला नाही. का नाही घातला? कारण मलाही खेळायचंय. इंटरझोनला युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड करणारे येतात.

किती नालायक आहोत आपण.

२९ ऑक्टोबर

भरतीची जाहिरात आली. प्राचीने ग्रुपवर टाकली, मग कोणीतरी ओरडलं असेल, काढून टाकली. ऐश्वर्याने तोवर पाहिली होती. प्राचीने सांगितलं, तिच्या नावापुढे दोन निळ्या खुणा होत्या.

तानाजीकाका भेटले बाजारात, सायकल हातात धरून चालत होते. मी थांबले, ते थांबले नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

सरांनी ऐश्वर्याचं नाव मॅनेजर म्हणून घातलंय, बेंचवर बसायला. मला न विचारता. वर म्हणाले, तिलाही बरं वाटेल. तिला! मी मोठा मेसेज लिहिला, खोडला. नुसतं लिहिलं – येऊ नकोस, कोणी जबरदस्ती करत नाहीये.



१४ नोव्हेंबर

उद्या मॅच. सर लग्नाच्या रिसेप्शनला निघाल्यासारखा हसरा चेहरा करून सगळ्यांना हात मांडीखाली घ्यायची आठवण करून देत होते. चित्राने मला विचारलं, खोकला आला तर काय करायचं. हसायचं होतं, आलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हरलो.

ऐश्वर्या आलेली. काठी टेकत आली, बेंचच्या टोकाला बसली.

शेवटच्या क्वार्टरमध्ये बरोबरीत असताना माझा पाय मुरगळला आणि पडले. काय झालंय हे मलाच कळायच्या आत माझा अंगठा वर गेला होता. बेंचवर चित्राचे हात मांडीखाली. मग काठीचा आवाज. ऐश्वर्या लाइन ओलांडून आत येत होती. सर तिच्या नावाने ओरडत होते. रेफ्रीने मला बाहेरची खूण केली, टेबलाजवळ चित्रा भेदरून उभी राहिली. ऐश्वर्या थांबली नाही. गुडघा वाकत नाही तिचा, म्हणून एक पाय लांब करून कशीबशी माझ्याशेजारी खाली बसली. माझा हात धरला आणि खाली ठेवला.

"दुखतंय का?"

मी हो म्हटलं.