दिव्यांभोवतीचं कडं

४ मार्च
बारा टेराफ्लॉप ताकदीचं गेमचं मशीन आणि चित्र असं! माझा दोस्त वामनराव, त्याच्या पांढऱ्या डब्यापेक्षा हा काळा डबा ताकदीचा, म्हणून तर घेतला. रिटायर झाल्यावर गेम खेळणं हा एवढा एकच शौक. आज गेममधल्या शहरात रस्त्यावरचे दिवे लागले — आणि प्रत्येक दिव्याभोवती धुरकट कडं! यालाच म्हणे रे ट्रेसिंग, उजेड खरा पडतो तसा दाखवतात. खरा? कोणत्या गावात असा पडतो?

५ मार्च
आलेखाच्या वहीत तक्ता आखला. काळा — बारा टेराफ्लॉप. पांढरा — दहाच्या थोडं वर. रे ट्रेसिंग दोघांत. सेकंदाला एकशेवीस चित्रं, तीही दोघांत. कागदावर माझाच सरस. मग कडं काहून?

८ मार्च, रविवार
वामनराव आपला डबा पिशवीत घालून आला. तीस वर्षं एकाच ऑफिसात आम्ही कालव्यांचे नकाशे काढले, आता दर रविवारी सोबत खेळतो. माझा टीव्ही, तोच गेम, त्याचा डबा. तिथेही कडं! म्हटलं, बघ, दोन्ही कंपन्या चोर.

"मले तर साफ दिसून राहिलं गा, दोन्हीवर," म्हणे.

साफ! डोकंच सणकलं माझं. म्हटलं, "अर्ध्या मिलिमीटरची चूक ऑफिसात मी पकडायचो, तू नाही! डोळे तपासून घे आधी!" माझी सून पिंकी तिथंच होती, तिच्यासमोर बोललो.

त्याने वायर गुंडाळली. "बरं," एवढंच. चहा न घेता गेला.

११ मार्च
कंपनीला तिसरा मेल. उत्तर तेच — सेटिंग तपासा. अरे, सगळ्या सेटिंगा पालथ्या घातल्या! उजेड भडक करणारं ते एचडीआर बंद, रे ट्रेसिंगसुद्धा बंद. कडं तिथंच. म्हणजे बंद केलं तरी बंद होत नाही! लबाड लेकाचे.

१५ मार्च, रविवार
वामनराव आला नाही. नाही तर नाही! मी काहून फोन करू?
एकटाच खेळलो. दुसरा कंट्रोलर सोफ्यावर पडून. मजा नाही आली.

१७ मार्च
संध्याकाळी लाइट गेली. टीव्ही बंद, डबा बंद. पिंकीने मेणबत्ती लावून टेबलावर ठेवली.
ज्योतीभोवती कडं. तेच, धुरकट.
"पिंकी, तुला दिसतं हे?"
"कुठे काय, बाबा?"
उजवा डोळा झाकला — गेलं. उघडला — परत आलं. चार वेळा करून पाहिलं. मेणबत्तीत कसलं आलंय रे ट्रेसिंग!
या डोळ्यांवर किती मिजास केली मी! आणि त्या माणसाला काय बोलून बसलो.

१८ मार्च
वामनरावला फोन केला. माफी मागायची होती, जमलंच नाही. धंतोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, एवढंच म्हटलं.
"कोणता डोळा?" त्याने विचारलं. मग म्हणे, "तू गाडी काढू नको गा. मी येतो."