प्लगला करंट येत नव्हता

बाबा,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर मनातल्या मनातसुद्धा धड चिडले नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं आई म्हणायची. पण परवापासून माझ्या अंगाची नुसती आग होते आहे. ती अर्धी झाशीहून आलेल्या त्या मेकॅनिकवर आहे आणि अर्धी तुमच्यावर. त्याला जे बोलायचं ते मी आज सकाळी तोंडावर बोलले. तुमचं राहिलं आहे, म्हणून ही वही घेऊन बसले.

कॉलेजातून रिटायर झाल्यावर आम्ही झाशीजवळ बरुआसागरच्या शेतावरच राहायला आलो, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुमचे जावई इथे आलं लावतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. हात सुधारला, वाचा सुधारली, डावा पाय काही आला नाही. सहा महिने ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून दुसऱ्यांनी आपलं शेत कसं बिघडवलं ते बघत होते. मग त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टची एक छोटी एटीव्ही आणवली. चार जाड चाकांची, पाहुण्यांच्या पोरांना गोल गोल फिरवतात तसली. या वयात, या देहानं ते खेळणं चालवणार, म्हणून गावात सगळे हसले. पण त्यावर बसून ते बांधाबांधानं विहिरीपर्यंत जायला लागले आणि महिन्याभरात त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला. गेल्या आठवड्यात, ऐन लावणीच्या दिवसांत, ती गाडी पार पलीकडच्या बांधावर बंद पडली. मेचं ऊन. फोन खिशात होता, पण त्यांनी केला नाही. दोन तास तसेच बसून राहिले. मी शोधत गेले तेव्हा ओठ पांढरे पडलेले. मजुरांनी त्यांना खाटेवर घालून घरी आणलं. संध्याकाळपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी पाणी नेलं तर एवढंच म्हणाले, "लोकांनी मला खाटेवर पाहिलं."

परवा मेकॅनिक आला. त्यानं बटण दाबलं, इंजिन फिरलं पण पेटलं नाही. प्लग काढून इंजिनाला टेकवला, पुन्हा बटण दाबलं. "करंट ही नहीं आ रहा. सीडीआई गई, कॉइल भी गई होगी. पूरी वायरिंग बदलेगी भाईसाहब, गाड़ी झाँसी ले जानी पड़ेगी. सामान दिल्ली से आएगा, बीस-पच्चीस दिन मानिए." बीस-पच्चीस दिवस! लावण तोवर संपलेली असणार. मी विचारलं, "भैया, बंद करने वाला बटन देखा? उसकी तार खोलकर देखी?" त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यांना म्हणाला, "माताजी को बोलिए अंदर बैठें, धूप बहुत है." आणि तुमचे जावई, ज्यांच्यासाठी मी हे सगळं विचारत होते, ते मला म्हणाले, "तू जा ना आत. चहाचं बघ. बिजलीच्या कामात कशाला पडतेस?" आणि बाबा, मी गेले. एकतीस वर्षं इंटर कॉलेजच्या मुलींना फिजिक्स शिकवलेली बाई मुकाट्यानं आत गेली आणि त्या माणसासाठी आलं ठेचून चहा केला.

गॅसपाशी उभी असताना मला तुमची स्कूटर आठवली. मी नववीत आहे. कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर, विश्वकर्मा पूजेची सकाळ. तुम्हाला कारखान्यात, तुमच्या शॉपमध्ये, लवकर पोचायचं आहे आणि स्कूटर सुरू होत नाही. दादा प्लग धरून बसला आहे, तुम्ही किक मारता आहात आणि करंट कुठून कुठे जातो ते त्याला समजावता आहात. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. तुम्ही वैतागून आंघोळीला जाता. दादा तिथेच जांभया देतो. मी हात पुसून जाते, प्लगची टोपी ओढते तर ती वायरीवरून सुटीच हातात येते. आत तांब्याला हिरवं चढलेलं. विळीवर वायरीचं टोक कापते, टोपी पुन्हा पिळून बसवते, दादाला म्हणते, मार किक. स्कूटर सुरू होते आणि तुम्ही गालाला साबण तसाच ठेवून बाहेर येता. येता आणि दादाच्या पाठीवर थाप मारता. मी म्हणते, "मी केलं, बाबा." तुम्ही माझे हात बघता. "काय करून घेतलंस हे? कणकेला ग्रीस लागेल. जा, धू आधी."

एवढ्यावर थांबला असतात तरी मी विसरले असते. संध्याकाळी तुमच्या शॉपमधले दोघं जेवायला आले होते. मी वाढत होते आणि तुम्ही त्यांना सांगत होतात, "लड़के ने फॉल्ट पकड़ लिया, हाथ साफ है इसका." तुम्हाला माहीत होतं. सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरणारे तुम्ही नव्हतात, एका कॉइलचे वेढे तुम्हाला दहा वर्षांनी आठवायचे. दादा ताटात बघून जेवत राहिला. मी वरण वाढलं. पुढे मी पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला, तर तो तुम्ही नीट वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "सगळी मुलं असतात तिथे. तू बसणार कुठे?" बसायला जागा नाही म्हणून माझं इलेक्ट्रिकल राहिलं! दादा इंजिनियर झाला. आज पुण्यात त्याच्या घरी ट्यूबलाइट बदलायलासुद्धा माणूस बोलावतात. मी मात्र फळ्यावर खडूनं चुंबक आणि कॉइल काढत म्हातारी झाले. का बाबा? पोरीचा हात साफ आहे, असं एकदा म्हणाला असतात तर तुमचं काय कमी झालं असतं?

मेकॅनिक दोन दिवसांनी टेम्पो घेऊन येतो म्हणून सांगून गेला. काल सकाळी मी ओढणी कमरेला बांधली आणि गाडीपाशी बसले. यांनी व्हरांड्यातून हाक मारली, "अगं शॉक बसेल." मी ऐकलं नाही. नवा प्लग लावून पाहिला. ठिणगी नाही. टोपी काढून नुसतं वायरीचं टोक इंजिनाजवळ धरलं. नाही. आणि मग तुम्ही दादाला समजावत होतात ते शब्द जसेच्या तसे कानात आले: बंद करायचा स्विच करंट तोडत नाही, तो करंट गाडीच्या अंगावर सोडतो, पत्र्याला जोडतो, म्हणून प्लगपर्यंत काही पोचत नाही. तेव्हा त्या स्विचची वायरच कुठे पत्र्याला टेकत असेल तर? सीडीआयच्या, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणाऱ्या, डबीतून स्विचकडे जाणारी ती बारीक वायर मी उपसून काढली आणि बटण दाबलं. निळी, चटचट वाजणारी ठिणगी! डबी चांगली होती, कॉइल चांगली होती. वायर धरून बोटांनी चाचपत गेले तर हँडल जिथे वळतं तिथे ती लोखंडाला घासून सोललेली, आतलं तांबं उघडं. केसाएवढं. त्या केसाएवढ्यासाठी गाडी दिल्लीच्या सामानाची वाट बघत पडणार होती आणि एक माणूस भिंतीकडे तोंड करून. मी टेप गुंडाळली, वायर लोखंडापासून दूर बांधली, परत जोडली. गाडी सुरू केली, लाल बटणानं बंद केली, परत सुरू केली. असं चार वेळा केलं. शेवटच्या दोन वेळा नुसतं ऐकायला.

आज सकाळी टेम्पो आला तेव्हा हे गाडीवर बसून विहिरीकडून येत होते. मेकॅनिक यांना म्हणाला, "अरे भाईसाहब, आपने ही ठीक कर ली?" यांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते हे ऐकायला मी थांबले नाही. "मैंने की है," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की बांधावरच्या बाया वळून बघायला लागल्या. मग मी त्याला तो बटणाचा प्रश्न परत विचारला, आणि या वेळी त्याला उत्तर द्यावं लागलं. "नहीं देखा था, माताजी." जाताना पुटपुटला, "जुगाड़ है, फिर बंद होगी." त्यावर हे म्हणाले, "तो फिर ये ही खोल लेंगी." रात्री मी यांच्याशी बोलणार आहे, चहाबद्दल. ते वेगळं.

तर एवढंच सांगायचं होतं. राग गेलेला नाही आणि या वयात तो जाईल असं वाटत नाही. हे पान वहीतून फाडायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, असं ठरवूनच लिहिलं आहे. पण एक गोष्ट वर मी गाळली. काल ती बारीक वायर उपसल्यावर मी बटण दाबलं तेव्हा प्लगच्या वायरीचं टोक माझ्या दुसऱ्या हातात होतं. करंट येईल असं मलाच खरं वाटत नव्हतं. असा झटका बसला की हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि मी ओरडले. व्हरांड्यातून हे घाबरून विचारत होते, "काय झालं? कुणाला हाक मारलीस?" मी म्हटलं, कुणाला नाही. सगळे "आई गं" म्हणतात, बाबा. मी तुम्हाला हाक मारली होती.