माझ्या नावाची शपथ

प्रिय अप्पा,

उद्या सकाळी आईला नांदेडला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेतेय. ती यायला तयार आहे, पण माझ्यासमोर तोंड उघडायला तयार नाही. तुम्ही तिला घातलेली शपथ अजून तिच्यावर आहे, आणि ज्यानं घातली त्यानंच ती सोडायची असते, असं तिचं म्हणणं. तुम्ही तर गेलात. मग मी कुणाशी बोलायचं?

मला शपथेबद्दल परवा कळलं. गोविंदकाकांचा फोन आला. फाट्यावरचं त्यांचं चहाचं हॉटेल सोडून ते कुणाला भर दुपारी फोन करत नाहीत, म्हणून लगेच उचलला. तुम्ही गेल्यापासून आई तुमच्याच वाटेनं, कालव्याच्या रस्त्यानं फिरायला जाते. काकांनी तिला पुलाच्या कठड्यावर बसलेलं पाहिलं. हात डाव्या खांद्यावर, कपाळावर घाम. ते जवळ गेले तर म्हणाली, "पोरीला सांगू नका."

काका मला म्हणाले, हेच शब्द मी तुझ्या बापाच्या तोंडून ऐकले होते, ह्याच कठड्यावर. मग त्यांनी सगळं सांगितलं.

शेवटचे काही महिने चालताना तुमच्या छातीत दुखायचं. थांबलं की कमी व्हायचं. तुम्ही कठड्यावर बसायचात, घाम पुसायचात, घरी यायचात आणि मला फोन करायचात: "आज लई मस्त चाललो." पुण्यात डबा भरता भरता मी ते ऐकायचे आणि निश्चिंत होऊन कामाला जायचे.

अप्पा, काहून?

चालायला सुरुवात तर तुम्हीच केली होती ना? पुण्यातल्या माझ्या खोलीचे तीन जिने चढून आलात आणि उंबऱ्यातच खाली बसलात. आजोबा साठीच्या आत गेले, मोठे काकाही. परत निघताना तुम्ही म्हणालात, "आपल्या घरात माणसं साठी बघत न्हाईत. मी बघून दाखवतो. तुमा दोघींसाठी." मी चालायचे बूट घेऊन दिले. तुम्ही भजी सोडलीत, चहातली साखर सोडलीत, बियाण्याच्या दुकानातली दिवसभराची बैठक मोडलीत. शेताकडं काही काम नसताना एवढ्या पहाटे तरातरा निघालेला माणूस फाट्यावर कुणी पाहिला नव्हता. लोक विचारायचे, "अप्पा, म्हैस सुटली काय?" तुम्ही सांगायचात, "म्हैस न्हाई, पोट सुटलंय. त्यालाच बांधायला चाललो."

तुमच्या पट्ट्याला नवी भोकं पडली. बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला आधी चालण्याचे फायदे ऐकावे लागायचे. ऑफिसात मी तुमचं उदाहरण देत होते, तेव्हा तुम्ही कठड्यावर बसत होतात.

काकांनी तुम्हाला डॉक्टरकडं चला म्हटलं होतं. तुमचं उत्तर त्यांना तोंडपाठ आहे. "बूट तिनंच आणून दिले. आता दुखून राहिलं म्हणलं तर लेकराला वाटंल, तिच्यामुळंच झालं." काका ऐकेनात तेव्हा तुम्ही त्यांना माझी शपथ घातलीत. आईलाही घातलीत. घरातलं दुखणं पोरीच्या कानावर गेलं तर पोरीची शपथ.

म्हणजे आई बोलली तर मी मरणार. तुम्ही तिच्यापुढं दोन जीव ठेवलेत आणि तिनं माझा निवडला. दुसरं काय करणार होती ती? तिच्यावर रागवायचीसुद्धा सोय तुम्ही ठेवली नाहीत.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही, म्हणून सांगते. कारखान्यातल्या यंत्रांवर मी सेन्सर बसवते. दाब वाढला, तापमान वाढलं की घंटा वाजते आणि यंत्र थांबतं. काम खोळंबू नये म्हणून कुणी घंटेची वायर काढली, तर दुसऱ्या दिवशी त्याला आत घेत नाहीत. हेतू चांगला होता का, हे कुणी विचारत नाही. तुम्ही वायर काढलीत, अप्पा. आणि ती काढायला माझंच नाव वापरलंत.

तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी मला एकच शब्द दिला: अचानक. मी तो तसाच पुढं दिला. नातेवाइकांना, ऑफिसात, स्वतःला. रोज चालणारा माणूस, अचानक. त्या शब्दाचा आधार होता. आता तोही नाही. मला वेळेवर कळलं असतं तर तुम्ही वाचला असतात का? वाचला असतात असं मी लिहिणार नाही, माझ्याकडं पुरावा नाही. पण प्रयत्न करून पाहायचा हक्क माझा होता. तो तुम्ही प्रेमानं काढून घेतलात. प्रेमानं घेतलं की घेतलेलं परत मिळतं का?

शपथ मोडल्यापासून काका सकाळ-संध्याकाळ फोन करतात. "बराबर हाय ना तू, बेटा?" मी हो म्हणते. जेवण झालं का विचारतात, उगाच खोकतात आणि ठेवून देतात.

काल मी घरी आले. आई भाकरी थापत होती. मी म्हणाले, काकांनी सांगितलं. तिनं परातीतला हात तसाच वर धरला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला काही झालं नाही याची खात्री करून घेतली. मी म्हटलं, बघ, त्यांनी शपथ मोडली तरी मी उभी आहे.

ती म्हणाली, "त्यांची येगळी. मी आई हाय. माझी लागंल."

यावर रात्रभर नाही, पण जेवताना बराच वेळ विचार केला. मग तुमचे शब्द मी तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. पोरीच्या कानावर जाऊ नये, एवढंच. डॉक्टरांच्या कानाबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात. तिनं तुकडा ताटात ठेवला.

"तू भाईर बसशील? दार लावून?"

बसेन. यंत्राची बारीकशी थरथर ओळखायचा मला पगार मिळतो, आणि माझ्या आईला काय होतंय हे दाराआड सगळ्यांना कळेल, फक्त मला नाही. एवढं तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेलात.

माफ केलं, असं आज लिहीत नाही. वचन मात्र देते. उद्या मी दाराला कान लावणार नाही. तिला हवा तेवढा वेळ बाहेर बाकड्यावर बसेन. आणि यापुढं मला कधी कुठं दुखलं, तर सगळ्यांत आधी आईला सांगेन. ती घाबरली तरी, रडली तरी. तिला ते कळायलाच हवं.

तुमचीच, पण रागावलेली,
मेघा