शिकागो दाखवावं तर इथल्याच माणसानं

बुधवार, १४ जानेवारी
जोनी उद्या येतेय. रविवारपर्यंत मुक्काम. तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत, एक इथली शिकागोची, एक पोर्टलंडची. कुठली घ्यायची ते इथे येऊन ठरवणार. एकुलती एक मुलगी, आणि पोर्टलंड म्हणजे देशाचं दुसरं टोक. तेव्हा शिकागो तिला आवडलंच पाहिजे.

फोनवर विचारत होती, जेवायला कुठे जायचं ते इंटरनेटवर बघून ठेवू का. मी म्हटलं, खबरदार. तुझा बाप बासष्ट वर्षं या गावात काढून बसलाय. प्लॅन तयार: गुरुवारी ब्लूजचं गाणं, शुक्रवारी पिझ्झा, शनिवारी नाटक आणि स्टेक, रविवारी तिचा होकार.

बर्फ पडायला लागलाय. उत्तम. शहर छान दिसेल.

गुरुवार, सकाळ
गुडघाभर बर्फ. गाडीची जागा एकट्यानं उपसली. कंबर कामातून गेली, पण जागा अशी झालीय की बघत राहावं. आमच्या गल्लीचा कायदा साधा आहे: उपसली त्याची जागा. गाडी बाहेर काढताना तिथे घरातली खुर्ची ठेवायची, बर्फ वितळेपर्यंत कोणी हात लावत नाही.

दुपार
जोनीला आणायला विमानतळावर निघालो होतो. किल्ली हातात, खुर्ची काखेत. एवढ्यात समोरचे नवे भाडेकरू खिडकीतून माझ्या जागेकडे बघताना दिसले. टेक्ससचे आहेत, तिकडे कुठला आलाय एवढा बर्फ. त्यांना खुर्चीचा अर्थ काय डोंबल कळणार? जोनीला कळवलं, ट्रेनने ये, शहर खरं ट्रेनमधूनच दिसतं.

ती आली तेव्हा बूट चिंब. म्हणाली, तुझं खरं शहर माझ्या मोज्यांत शिरलंय. विनोदबुद्धी माझ्यावर गेलीय.

शुक्रवार
काल ब्लूजला बसने गेलो. दोन बस बदलून. क्लबच्या जागी दातांचा दवाखाना निघाला. माझा पत्ता अचूक होता, हे इथे नोंदवून ठेवतो. जोनीनं विचारलं, इथे शेवटचा कधी आला होतास? मी म्हटलं, अलीकडेच. म्हणाली, आई होती तेव्हा? मी म्हटलं, चल, बस आली. बस आली नव्हती. थंडीत बराच वेळ उभे राहिलो. घरी येऊन डब्यातलं सूप गरम केलं.

आज पिझ्झा. पर्यटक खातात तो जाडजूड नव्हे, आमचा पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकड्यांचा. कोपऱ्यावरच्या बारमध्येच नेलं, म्हणजे गाडीचा प्रश्न नको. मालक बदललाय. पिझ्झा फ्रीजरमधला होता, मधोमध गारच होता. पण कापला चौकोनीच होता, आणि मुख्य गोष्ट ती. बारवाल्यानं मला विचारलं, या भागात नवीन राहायला आलात का? असल्या उद्धट माणसाशी मी बोलत नसतो.

शनिवार
नाटकाचं तिकीट आधी काढायचं नसतं. इथली माणसं आयत्या वेळी अर्ध्या किमतीत घेतात. आयत्या वेळी तिकिटं संपलेली. हरकत नाही, नाटक रडकं होतं म्हणे.

राहिला स्टेक. ते हॉटेल लांब आहे. जोनी म्हणाली, गाडी काढ. मी तिला जागेचं सगळं पुन्हा नीट समजावलं, टेक्ससवाल्यांसकट. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, जागा गाडीसाठी असते की गाडी जागेसाठी?" पोर्टलंडची हवा लागलीय पोरीला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या ओफेलिया बारागान खाली आल्या. त्यांच्या मावसभावाचं सव्विसाव्या रस्त्यावर हॉटेल आहे, शनिवारी गाणंबजावणं असतं, चला म्हणाल्या. मी म्हटलं, पोरीला न्या, मी घरी थांबतो. कोणीतरी थांबायला हवंच की.

दोघी खिदळत परत आल्या. माझ्यासाठी डुकराचं मटण आणि गरम रोट्या बांधून आणल्या होत्या. ओफेलियाबाई दारातूनच म्हणाल्या, "काय हो दुडेक, तुमची मुलगी झकास नाचते. तुम्हाला येतं की नाही, ते आठ वर्षांच्या शेजारात कोणाला कळलेलं नाही." मटण बरं होतं. टाकायचं कसं, म्हणून सगळं संपवलं.

जोनीचा अजून निर्णय नाही. उद्या विमानतळावर स्वतः गाडीने सोडायचं, वाटेत विषय काढायचा. जागेचं काय व्हायचं ते होवो.

रविवार
गाडी सुरूच झाली नाही. एवढ्या थंडीत चार दिवस उभी, बॅटरीनं मान टाकली. जोनीला सोडायला ओफेलियाबाईंची गाडी निघाली.

मी दारातच विचारून टाकलं, मग काय ठरलं? पोर्टलंड की आपलं शिकागो? धास्ती वाटत होती, खोटं कशाला लिहू.

ती म्हणाली, "इथली नोकरी मी नाताळातच घेतली, बाबा. आई गेल्यावर तू कसा राहतोस, ते बघायला आले होते."

मी म्हटलं, मग?

"बघितलं," म्हणाली, आणि मला घट्ट मिठी मारली. मी तिची बॅग उचलून गाडीपर्यंत नेली.

मार्चमध्ये ती इथे राहायला येतेय. तोवर दर बुधवारी मी ओफेलियाबाईंबरोबर बाहेर जेवायला जायचं, असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलंय. मी साफ सांगितलं, बासष्ट वर्षं इथे काढलेल्या माणसाला कोणी शिकागो दाखवायची गरज नाही.

बुधवारी टाय लावायचा की स्वेटर चालतो, ते वर जाऊन विचारून यायला हवं.