राखून ठेवलेले पाय

सोमवार, ३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून व्यायाम. रविवारी लेकीच्या सायकलची आधाराची चाकं काढायची आहेत. मागून सीट धरून पळायचं काम मी हट्टाने मागून घेतलं. शेजारचे पीटीचे सर तयार होते, पण माझी लेक दुसऱ्याच्या भरवशावर? छे!
बैठका मारल्या. मोजल्या नाहीत. मोजतात ते नवशिके.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
मोजायला हव्या होत्या. कमोडवर बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही. बायकोने बाहेरून दोनदा विचारलं, आहेस ना?
मेहुणी फिजिओथेरपिस्ट. तिला फोन केला. म्हणाली, भावोजी, रोज थोडंथोडं करा, असंच रेटलंत तर ओव्हरट्रेनिंग होईल. सकाळी उठल्यावर नाडी बघा, नेहमीपेक्षा जास्त लागली तर त्या दिवशी हलकं घ्या.
ओव्हरट्रेनिंग! मोठमोठ्या खेळाडूंना होतं ते. एका दिवसात मी तिथवर पोचलो. बायकोला सांगितलं, ती हसली. जळते.

बुधवार, ५ फेब्रुवारी
गजर वाजला. दचकून उठलो, लगेच नाडी पाहिली. सुसाट. शरीर नाही म्हणतंय. हलकं घेतलं, साडेआठपर्यंत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
गजर, दचकणं, नाडी. रोज वाढलेलीच. केस गंभीर दिसते. ऑफिसात जिना बंद, फक्त लिफ्ट. बटाट्यांची पिशवी उचलणं म्हणजे वेट ट्रेनिंग, हे बायकोला समजावलं. पिशवी तीच घेऊन आली. ओट्यावर आपटून म्हणाली, रविवारी जमणार नसेल तर आजच सांग, सर अजून हो म्हणतायत.
लागलं मनाला. अरे, मी पाय राखतोय ते कोणासाठी?

शनिवार, ८ फेब्रुवारी
बायकोने न विचारता गजर बदलला. आता बासरी वाजते. नाडी एकदम शांत. संशयास्पद आहे. फार थकलं की नाडी मंदही होते, असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. धोका नको. झोपलो.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी १०
चाकं काढली. गल्लीत सगळे जमलेले. लेकीने मागे वळून विचारलं, बाबा, सोडणार नाहीस ना? म्हटलं, मरेपर्यंत नाही.
तिसऱ्या घराच्या निळ्या फाटकापाशीच ती वेळ आली. सीट मी सोडली नाही, सुटली. फाटकाला लटकलो. डोळ्यांपुढचे काजवे ओसरले तेव्हा लेक कोपऱ्यावरून वळून येत होती. एकटी. घंटी वाजवत. बाबाने बरोब्बर वेळेला सोडलं, असं ओरडत. सरांनी माझी शिकवायची पद्धत विचारली. मीही सविस्तर सांगितली.

दुपारी
अंग ठणकतंय, पण दुःख त्याचं नाही. आठवडाभर पाय राखले आणि लेकीला माझी गरज एका फाटकापुरती लागली. पुन्हा धरू का विचारलं, तर नको म्हणाली. वाईट वाटलं. खूपच.
उद्यापासून रोज तिच्यामागे पळणार. हे पक्कं.

सोमवार, १० फेब्रुवारी, सकाळी ६
बासरी वाजली. नाडीवर बोट ठेवणार तोच लेक माझे बूट घेऊन हजर. म्हणाली, चल बाबा, मी अगदी हळू चालवते. प्रत्येक फाटकाला थांबते, तुला ओव्हरट्रेनिंग नको व्हायला. आणि दम लागलाच तर सीट धर, मी ओढेन.