लागू नाही

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

(वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, डोक्यावर केस उरले नसताना, आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाचा संगणक विभाग सांभाळणाऱ्या माणसाला ठोंब्या म्हणू नये, हे मला कळतं. आधी 'प्रिय बंधू' लिहून पाहिलं. नोटीस आल्यासारखं दिसलं, म्हणून कागद फाडला.)

तुझं पित्त कसं आहे? रिकाम्या पोटी चहा ढोसणं बंद केलंस का? केलं नसशीलच. माझी तब्येत ठीक. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या देतो. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. मी म्हटलं, तुमच्या दवाखान्याचे जिने कमी करा. तुझी बायको मला तुझ्या नकळत फोन करते हे तुला माहीत नसावं. आता झालं. (तिला बोलायचं नाही. त्या घरात अक्कल असलेली ती एकटीच आहे.) परवा तिने सांगितलं की तुला कामावरून घरी बसवलंय, चार दिवस तू धड जेवला नाहीस, आणि येत्या गुरुवारी चौकशी समितीपुढे 'चूक सर्वस्वी माझी' असं लिहून सही करणार आहेस. सही केलीस की नोकरी गेली, आणि या धंद्यात पुन्हा तुला कुणी दारात उभं करणार नाही. हे सांगताना ती रडत होती, म्हणून मी तिला रागावले. रडणाऱ्या माणसाशी कसं बोलतात ते मला अजून आलेलं नाही. तर सही करायची नाही. आधी हे पत्र वाचायचं, बसून आणि शेवटपर्यंत. उभ्याने वाचलेलं तुला कधीच कळलेलं नाही.

माझं काम काय ते तुला ठाऊक आहे असं तुला वाटतं. 'ताई कॉम्प्युटरच्या कंपनीत रकाने भरते,' असं तू लोकांना सांगतोस, तेही माझ्या कानावर आहे. आमचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या यंत्रांमधून फिरतं, दिसेल ते दार ढकलून बघतं आणि कुठली कडी निसटते ते टिपून आणतं. इथपर्यंत तू जाणतोस, कारण तुमच्या रुग्णालयाने ते विकत घेतलंय. पुढचं काम आमच्या खोलीत चालतं. खोलीत तीन टेबलं आहेत, एक न उघडणारी खिडकी आहे, आणि एक चहाचं यंत्र आहे, ज्याचं कुठलंही बटण दाबलं तरी गरम पाणीच येतं. फार पूर्वी या धंद्यात प्रत्येक कंपनी यंत्रातल्या त्रुटीला आपल्या मनाने नाव ठेवायची. एक म्हणायची 'मागचं दार', दुसरी 'ढिली कडी', तिसरी नुसतंच 'प्रकार अकरा'. भोक एकच. गिऱ्हाईक बापडं तीन आजार समजून तीन औषधं घ्यायचं, किंवा (हे जास्त वेळा) घाबरून एकही घ्यायचं नाही. म्हणून मग साऱ्या जगाने मिळून एक वही घातली. त्रुटी सापडली की तिला एक नंबर द्यायचा, आधी साल आणि मग अनुक्रम. कुणी काहीही नाव ठेवो, नंबर उच्चारला की सगळे एकाच भोकाकडे बोट दाखवणार. आमच्या सॉफ्टवेअरला जे सापडतं त्याला आमचा घरचा नंबर असतो. तो जगाच्या वहीतल्या नंबराशी जुळवायचा, हे माझं काम. एकवीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना नंबर दिले, ते ग्रंथालय बंद पडलं, तेव्हा वाटलं होतं की सुटले. सुटले कसली!

कारण पुस्तक निदान एक असतं. इथे आमच्या एका नोंदीला वहीतले सात नंबर लागतात, आणि वहीतल्या एका नंबराला आमच्या चार नोंदी. कधी दोन शहाण्यांनी एकच भोक दोनदा नोंदवलेलं असतं. मग त्यातला एक नंबर बाद होतो. पण खोडत नाहीत, पुढे 'रद्द' लिहून जन्मभर तसाच ठेवतात. (आमच्या खोलीत एक सदा खोकणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "बाई, आमच्या घरी माझंही तसंच आहे." हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी खिडकी उघडायला गेले.) कधी नंबर दिलेला असतो आणि समोर वर्णनाचा पत्ता नसतो, नुसतं 'राखीव'. आणि कधी त्रुटी असते, ढळढळीत डोळ्यांना दिसते, पण तिला नंबरच नसतो, कारण ती अजून वहीवाल्यांच्या टेबलापर्यंत पोचलेली नसते.

अशा बिननंबरी त्रुटीचं काय करायचं, यावर आमच्या साहेबांनी दोन वर्षांपूर्वी निकाल दिला. साहेबांना आम्ही 'इस्त्री' म्हणतो, कारण त्यांना कुठे सुरकुती खपत नाही. गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, हा रकाना मोकळा का? इस्त्रींनी हुकूम काढला की ज्या ओळीत नंबर नाही ती ओळ रिपोर्टात छापायचीच नाही. मी त्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, नंबर नसला तरी भोक असतंच ना?"

"असतं हो बाई. पण नंबर नसताना दाखवलं की लोक घाबरतात."

"घाबरायलाच हवं."

"नंबर आला की छापू. पळून जातंय का भोक?"

भोक पळून जात नाही हे खरंच होतं. मी परत येऊन गरम पाणी प्यायले.

आता तुमच्याकडचं. रक्ताचे नमुने तपासणारी तुमची यंत्रं ज्या प्रोग्रॅमवर चालतात, त्यात आमच्या सॉफ्टवेअरला गेल्या महिन्याच्या पाच तारखेला एक त्रुटी सापडली. पासवर्डच्या जागी काहीही न लिहिता नुसतं एंटर मारलं की माणूस आत. मी तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा आत. एवढ्या मोठ्या यंत्राचं असं पोरकट भोक मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. वहीत शोधलं, नंबर नाही. त्याच दिवशी अर्ज केला. उत्तर आलं, 'अर्ज रांगेत आहे.' आठवड्याने पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच, फक्त या वेळी आभार मानले होते. वीस तारखेला तुमचा रिपोर्ट जायचा होता, आणि नियमाप्रमाणे ही ओळ त्यात असणार नव्हती.

आता तू म्हणशील, फोन का नाही केला? कंपनीचा नियम आहे की बिननंबरी त्रुटी गिऱ्हाइकाला तोंडी सांगायची नाही. तो नियम मी अकरा वर्षांत चार वेळा मोडला आहे, आणि त्यात एकदा तर एका दंतवैद्यासाठी, ज्याने माझी चांगली दाढ काढली होती. म्हणजे नियमाचा प्रश्न नव्हता. तुझा नंबर मला पाठ आहे. दवाखान्यात आईला आत नेलं त्या दिवशी तू बाहेरच्या बाकावर मला म्हणालास, "ती जायला निघाली आहे आणि तू तिचे कागद तारखेप्रमाणे लावत बसलीस. तुला माणसं नकोतच ताई, रकाने दिले की झालं." त्यावर मी म्हटलं, "ते कागद तू वेळेवर वाचले असतेस तर ती आज आत नसती." दोघंही घरी गेलो ते वेगवेगळ्या रस्त्यांनी. त्यानंतर मी फोन उचलून ठेवला असेल, मोजलं नाही, पण बऱ्याचदा. वीस तारखेला सकाळीही उचलला होता. मग ठेवला, आणि त्याऐवजी एक युक्ती केली.

मी त्या ओळीला खोटा नंबर दिला. (रिपोर्टात यंत्राचं नाव येत नाही, नुसता नंबर येतो.) ओळ छापून यायची तर नंबर हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. वहीत शोधून त्याच बनवणाऱ्या कंपनीचा एक नंबर काढला: नऊ वर्षांपूर्वीचा, लेबलं छापायच्या एका प्रिंटरचा. त्यातही रिकामा पासवर्ड चालायचा. माझा हिशेब असा की ठोंब्या नंबर उघडून बघेल, बनवणारा तोच, दुखणं तेच, म्हणजे आपल्या यंत्रातही असणार, असं त्याच्या लक्षात येईल. (लहानपणी तुला कोडी घालायचे, तसं. तेव्हाही तू कोडं पूर्ण न ऐकता उत्तर द्यायचास.) जन्मभर मी चुकीच्या नंबराचं पुस्तक फळीवर राहू दिलं नाही. एका शिपायाला त्यापायी महिनाभर रडवला होता. आणि हा आकडा लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही.

तू काय केलंस ते तुझ्या समितीला माहीत आहे. नंबर उघडलास. लेबलांचा प्रिंटर दिसला. सगळ्या मजल्यांवर फिरून असा प्रिंटर आपल्याकडे नाही याची खात्री केलीस, आणि शेऱ्यात लिहिलंस: 'लागू नाही. आमच्याकडे हा प्रिंटर नाही.' सही, तारीख. ठोंब्या, या शेऱ्यात काना-मात्रेचीही चूक नाही. तुला जो नंबर दिला त्याचं उत्तर तेच होतं. हे तू समितीला सांगायचं आहेस, मान वर करून. तुला हे कुणी सांगितलं नाही कारण कुणाला माहीतच नाही. आमच्या कंपनीने तुमच्याकडे पाठवलेल्या खुलाशात 'सॉफ्टवेअरने योग्य इशारा दिला होता, ग्राहकाने तो फेटाळला' असं म्हटलं आहे. इस्त्री मारलेलं वाक्य आहे. इशारा होता, पण दुसऱ्याच यंत्राचा.

तुझा शेरा माझ्याकडे शुक्रवारी आला. गिऱ्हाइकाने एकदा 'लागू नाही' म्हटलं की आमचं सॉफ्टवेअर ती ओळ पुन्हा कधी काढत नाही, समजूतदार गड्यासारखं गप्प बसतं. मी तो शेरा वाचला आणि मला राग आला. नेहमीसारखी घाई, म्हटलं. प्रिंटरच्या नावाखाली दोन ओळींवर रिकाम्या पासवर्डचं लिहिलं होतं, तेवढं वाचलं असतं तर! सोमवारी बघू असं ठरवून मी खोकणाऱ्या गृहस्थांशी खिडकीवरून वाद घातला आणि घरी गेले. सोमवारी दुसरं काम निघालं. मंगळवारी सकाळी साडेदहाला कुणीतरी नुसतं एंटर मारून तुमच्या यंत्रांत शिरलं.

यंत्रं बंद पडली त्या नऊ तासांचं मी तुला काय सांगणार, तू तिथे होतास. तुझी बायको म्हणाली, तू नमुन्यांच्या बाटल्या हातात घेऊन स्वतः जिने चढत-उतरत होतास. अकरा शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, आणि एका बाईंना दुसऱ्या रुग्णालयात हलवताना त्या वाटेतच गेल्या. वर्तमानपत्रात त्यांचं नाव नव्हतं, वय होतं. अठ्ठावन्न, माझ्याएवढं. ती बातमी मी कापून कुठे ठेवावी हे मला ठरवता आलं नाही. कुठल्याही फाइलीत ती बसत नाही. सध्या टेबलावरच आहे, वर चष्म्याचं घर ठेवलं आहे.

तेव्हा सही करायची नाही. तू चार दिवस जेवला नाहीस तो माझ्या वाट्याचा उपास होता, आणि मी मात्र व्यवस्थित जेवले. आज दोन घास खाऊन घे. बायकोला माझे आशीर्वाद सांग, आणि मी रागावले ते विसर म्हणावं.

तुझी,
ताई

ता. क. सोबत माझ्या जबाबाची दोन पानं आहेत. कुठल्या तारखेला कुठला नंबर कुणी आणि का बदलला, सगळं क्रमाने आहे. ती दडवून ठेवायचा मोठेपणा करू नकोस. एक प्रत मी समितीच्या अध्यक्षांना कालच कुरिअरने पाठवली आणि पोचल्याची पावती माझ्याकडे आहे. इस्त्रींनाही सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे तोंडीच राहू द्या ना." मी लेखी दिलं. सोमवारपासून मी घरीच असेन.

आणखी एक. त्या त्रुटीचा नंबर आज सकाळी आला. वर्णन एका ओळीचं, सरळ, नीट लिहिलेलं. शोधणाऱ्याचं नाव वहीत काय घालायचं असं विचारलं आहे, श्रेय द्यायची पद्धत आहे म्हणे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

शेवटचं, आणि खरं तर याचसाठी लिहायला बसले. प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी, अगदी बारीक टाइपात, जुळणी करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. तुमच्या त्या पानावर माझी होती. मी रांगेने लावलेली नोंद चुकत नाही हे जगात कुणाला माहीत असेल तर ते तुला. माझ्या हातून तुला नसलेल्या प्रिंटरची नोंद आली, आणि तू मजले पालथे घातलेस, पण मला फोन केला नाहीस. ती अक्षरं तू पाहिली होतीस का? समितीला हे विचारायचं सुचणार नाही, आणि माझ्या जबाबात मी ते घातलेलं नाही. 'हो' असलं तरी सही करायची नाही. पण मला एका शब्दात कळव, पाहिली होतीस की नाही.